घाट, पाऊस आणि जांभा : स्विफ्टला कुठले टायर टाकावेत?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, २०१९ ची. शोरूममधून आलेले टायर अजून तेच आहेत. साइज १६५/८० आर१४ (रुंदी १६५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची), पुढे ८५टी असं लिहिलंय. पुढच्या दोघांची नक्षी संपत आली आहे, मागचे दिसायला बरे आहेत. मुक्काम चिपळूण. गाडी रोज खेर्डीपर्यंत जाते-येते, अधूनमधून कुंभार्ली चढून कराड, आणि गावच्या घरापर्यंतचा शेवटचा तुकडा जांभ्याच्या दगडगोट्यांचा. आमच्याकडच्या पावसाबद्दल वेगळं सांगायला नको.

इथल्या एका दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "हा साइज आता कुणी घेत नाही, १७५/७० टाका, गाडी रुबाबदार दिसेल." दुसरा म्हणाला दोनच टाका, पुढे. भावाचं म्हणणं, चारही बदल आणि विषय संपव. माझी अपेक्षा एवढीच की टायर किमान चाळीस हजार किलोमीटर चालावेत, पावसात घाटात जीव टांगणीला लागू नये आणि खिसा फार रिकामा होऊ नये. आवाजाचं मला काही नाही. गाडीत दोन पोरं असतात, टायर ऐकू येतो कुठे!

पौडफाटा

डोळे झाकून मिशेलिन घ्या. महाग आहेत, पण ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर पैसे कुठे गेले ते कळतं.

सह्यभटक्या

@पौडफाटा, डोळे झाकून टायर घ्यायचे नसतात आणि गाडीही चालवायची नसते. :)

धागाकर्ते, आधी एक सांगा, गाडी वर्षाला किती चालते? सगळं गणित तिथून सुरू होतं. बाजारात ढोबळमानाने दोन जातीचे टायर आहेत. एक 'लाखभर किलोमीटर चालेल' म्हणून विकले जाणारे, म्हणजे सीएटचा मायलेझ एक्स३ किंवा अपोलोचा अमेझर ४जी लाइफ. दुसरे मऊ, आवाज कमी करणारे, आरामावर भर देणारे, म्हणजे योकोहामाचा अर्थ-१ किंवा मिशेलिनची प्रायमसी. मधल्या पट्टीत एमआरएफ, ब्रिजस्टोन, गुडइयर, जेके यांची बरीच मॉडेलं बसतात. रबर जितकं कडक तितकं ते कमी झिजतं, आणि साधारणपणे ओल्या डांबरावरची पकड तितकी कमी होते. सिलिका मिसळून कंपन्या ही ओढाताण बरीच कमी करतात, पण पूर्ण मिटवता आलेली नाही कुणालाच.

वाशिष्ठीकाठ

वर्षाला साधारण आठ हजार. मीटरवर आता अठ्ठेचाळीस हजार आहेत.

सह्यभटक्या

मग तुमची चाळीस हजारांची अटच बाद. आठ हजारांच्या हिशेबाने चाळीस हजार व्हायला पाच वर्षं लागतील. तोवर रबर वयानेच कडक व्हायला लागलेलं असतं, नक्षी कितीही शिल्लक असो. लाख किलोमीटरचा टायर घेऊन तुम्ही तो बारा वर्षं वापरणार आहात का? कमी चालणाऱ्या गाडीला दीर्घायुषी टायर घेणं म्हणजे नको असलेल्या गोष्टीचे पैसे मोजणं, आणि वर हवी असलेली पकड सोडणं. तुम्ही पावसातली पकड बघा. टॅक्सीवाल्याचा हिशेब वेगळा, तो वर्षभरात साठ-सत्तर हजार करतो. त्याचा सल्ला तुम्हाला लागू नाही.

चाकोरी

सांगलीत टायरचं दुकान आहे, वडिलांपासून. कुठल्या एका कंपनीची एजन्सी नाही, सगळेच विकतो. म्हणून मोकळेपणाने लिहितो.

आधी साइज. १७५/७० आर१४ टाकू नका. 'रुबाबदार दिसेल' हे तर उलटंच आहे, गाडी बसकी दिसेल. तुमच्या १६५/८० चा एकूण व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास. १७५/७० चा ६०१. म्हणजे गाडी खालून साडेनऊ मिलिमीटर खाली येणार. तुमच्या जांभ्याच्या रस्त्यावर तेच नकोय. स्पीडोमीटरही आधीपेक्षा तीन टक्के जास्त दाखवेल. पण याहून महत्त्वाचा तो ८५ चा आकडा, ज्याकडे गिऱ्हाईक बघतच नाही. तो लोड इंडेक्स. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो. १७५/७० आर१४ बहुतेक ८४ मध्ये येतो, म्हणजे ५०० किलो. टायर रुंद झाला आणि भार कमी पेलायला लागला! कंपनीने दिलेल्या लोड इंडेक्सच्या खाली कधीच जायचं नाही. 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा टायर. एच २१०, व्ही २४०. टी तुम्हाला पुष्कळ झाला.

रुंद टायरची फारच हौस असेल तर १४ च्याच रिमवर १८५/७० बसतो, व्यासात पाचच मिलिमीटरचा फरक, लोड इंडेक्स ८८. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ येतो, त्याचा व्यास तुमच्या टायरशी जवळपास तंतोतंत जुळतो, पण त्यासाठी रिमही १५ ची घ्यावी लागेल. माझं मत विचाराल तर आहे तोच साइज ठेवा. एका दुकानात नसेल तर दुसऱ्या दुकानात असतो. 'साइज येत नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'माझ्याकडे पडून असलेला दुसरा साइज खपवायचाय' असा असतो.

पौडफाटा

पण रुंद टायरला पकड जास्त हे तर खरं ना? मी माझ्या गाडीला एक साइज वरचा टाकलाय, वळणावर जमीन-आसमानाचा फरक आहे.

सह्यभटक्या

कोरड्या रस्त्यावर खरं. साचलेल्या पाण्यात उलट. रुंद टायरला पुढचं पाणी बाजूला सारायला जास्त काम पडतं, त्यामुळे तो पाण्यावर तरंगायला लवकर लागतो. अरुंद टायर पाणी कापत जातो. चिपळूणच्या जुलैत १६५ ची रुंदी ही कमतरता नाही. शिवाय रुंद टायरने ॲव्हरेज थोडं पडतं, स्टीअरिंग थोडं जड होतं.

वऱ्हाडी ठेचा

आमच्या अकोल्याले पावसाचं नाही, उन्हाचं टेन्शन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. इकडे लोकं म्हणतात का उन्हाळ्यात हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवायची, गरम झाली का आपोआप वाढते. आणि नायट्रोजन भरला तर टायर फुटतच नाही म्हणे. समृद्धीवर जायचं असलं का आमचा मित्र आधी हवा सोडते. खरं काय हाय, भाऊ?

चाकोरी

@वऱ्हाडी ठेचा, मित्राला आजच फोन करा.

टायर फुटतो तो हवा जास्त असल्यामुळे क्वचित. कमी असल्यामुळेच जास्त. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेरीला साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जास्त वाकते, पुन्हा सरळ होते. मिनिटाला शेकडो वेळा हे चाललेलं असतं. त्या वाकण्यातून उष्णता तयार होते, आतले थर सैल पडत जातात आणि शेवटी टायर उघडतो. ताशी १२० च्या वेगात, तापलेल्या सिमेंटवर, तासन् तास न थांबता हे झालं की काय होतं ते पेपरात वाचतोच आपण. गरम झाल्यावर दाब वाढतो हे खरंय, पण कंपनीने तो वाढीव दाब धरूनच आकडा दिलेला असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर दोन आकडे असतात, माणसं कमी असतानाचा आणि गाडी भरलेली असतानाचा. तो आकडा थंड टायरचा. सकाळी गाडी दोन-तीन किलोमीटरच्या वर चालायच्या आत मोजायचा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब एक पॉइंट वाढतो असा साधारण हिशेब. म्हणून तापलेल्या टायरची हवा कधीच सोडायची नाही. संध्याकाळी ढाब्यावर 'जास्त झाली' म्हणून सोडलेली हवा सकाळी कमी पडलेली असते.

नायट्रोजनचं म्हणाल तर आपण श्वासात घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि दाब जरा जास्त दिवस टिकतो, एवढाच फायदा. फुकट मिळत असेल तर भरा. पण नायट्रोजन भरलाय म्हणून दोन-दोन महिने हवा न तपासणारे लोक बघतो, त्यापेक्षा पंधरवड्याला पंपावर साधी हवा भरणारा बरा.

वऱ्हाडी ठेचा

समजलं. मध्यंतरी समृद्धीच्या तोंडाशी आरटीओवाले टायर तपासत होते, गुळगुळीत टायरवाल्यांना आत सोडत नव्हते. तेव्हा आम्ही त्यांना शिव्या दिल्या होत्या. बरंच करत होते म्हणायचं.

निमा_ठाणे

मला एक विचारायचंय. गुळगुळीत म्हणजे नेमकं किती? माझ्या वॅगनआरच्या टायरला खाचा दिसतात, पण सर्व्हिस सेंटरवाला दर वेळी 'बदला मॅडम' म्हणतो. त्याचं कमिशन असतं की खरंच बदलायला झालेत?

सह्यभटक्या

@निमा, कुणाला विचारायची गरज नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत 'टीडब्ल्यूआय' किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत वर बघा, मोठ्या खाचेच्या तळाशी रबराचा एक उंचवटा दिसेल. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, आणि कारसाठी आपल्याकडची कायद्याची हद्द तीच आहे. नवीन टायरला सात-आठ मिलिमीटर असते. पण कायद्याची हद्द म्हणजे सुरक्षिततेची हद्द नव्हे. पाणी बाहेर फेकायची ताकद त्याच्या बरीच आधी कमी झालेली असते. मे महिन्यात तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर मी तरी पावसाळा काढणार नाही.

टायर आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या कडेला असा तीन ठिकाणी बघा. मध्येच झिजलाय तर हवा जास्त होती. दोन्ही कडा झिजल्यात तर कमी होती. एकच कड, त्यातही आतली, खाल्ली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा सस्पेन्शनमधला एखादा बुश (जोडातलं रबरी कडं) गेलाय. ते न बघता नवीन टायर टाकलात तर वर्षभरात तेही तसेच खाल्ले जातील.

वाशिष्ठीकाठ

माझे पुढचे दोन्ही कडांना जास्त झिजलेत. म्हणजे हवेचा आळस. मान्य.

आता मुख्य प्रश्न. दोनच बदलायचे तर ते पुढे की मागे? ॲक्सल पुढची, स्टीअरिंग पुढे, ब्रेकचा भार पुढे. मग नवीन पुढेच ना? साधी गोष्ट आहे.

चाकोरी

साधी दिसते, पण आहे उलटी. नवीन मागे. यावर दुकानात रोज वाद होतो. निम्मी गिऱ्हाइकं 'काका, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, तुम्हाला माहीत नाही' असं सुनावतात.

पौडफाटा

मलाही पटत नाही हे. पुढचे टायर गुळगुळीत ठेवून घाटात ब्रेक मारायचा?

चाकोरी

गुळगुळीत ठेवा असं कुठे म्हटलं? पुढचे संपलेले काढायचे, मागचे निम्मे उरलेले पुढे आणायचे, नवीन मागे. आता कुंभार्लीचं उतरतीचं वळण डोळ्यापुढे आणा, वरून पाणी वाहतंय. पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते. माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, वेग उतरतो, पकड बहुतेक वेळा परत येते. म्हणजे घाबरल्यावर आपण जे करतो तेच इथे उपयोगी पडतं. मागच्या चाकांची सुटली तर शेपूट बाहेर फेकलं जातं. आणि तेव्हा ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं आणखी हलकी होतात, गाडी फिरून आडवी. तिथून गाडी सावरणं तुमच्या-माझ्यासारख्या ड्रायव्हरचं काम नाही. मोठ्या टायर कंपन्याही हेच सांगतात. गाडी पुढच्या चाकांवर चालते की मागच्या, याने त्यात फरक पडत नाही.

आणि मागचे पुढे आणण्याच्या लायकीचे नसतील तर सरळ चारही बदला. धागाकर्ते, मागच्या टायरवर 'डीओटी' (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे काय आहेत? ती बनावटीची तारीख. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. एका बाजूला दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतील. आणि साइडवॉल जरा हाताने दाबून बघा, केसासारख्या भेगा आहेत का.

वाशिष्ठीकाठ

चारही टायर १११९. म्हणजे २०१९ चा अकरावा आठवडा. आणि हो, भेगा आहेत. मागच्या दोन्हींना, खाचांच्या तळाशी आणि रिमच्या जवळ. गाडी अंगणात उन्हात उभी असते. लांबून टायर अगदी धडधाकट दिसतात.

चाकोरी

मग दोन की चार हा वादच उरला नाही. चार.

इसारकाठ

म्युनिकहून. जरा अवांतर, माफ करा. इथे आम्हाला गाडीमागे टायरचे दोन संच ठेवावे लागतात, हिवाळी आणि उन्हाळी. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी असा लोकांचा ठोकताळा. कायदा म्हणतो, रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर पाहिजेतच, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर डोंगर-हिमकण हे चिन्ह हवं, नुसतं 'एम+एस' (चिखल-बर्फाचा जुना शिक्का) चालत नाही. बिनवापराचा संच तळघरात नाहीतर गॅरेजवाल्याकडे भाड्याने.

सांगायचं कारण वेगळं. युरोपात प्रत्येक टायरवर लेबल असतं, ओल्या रस्त्यावरची पकड आणि इंधनबचत यांना ए ते ई श्रेणी, आवाज डेसिबलमध्ये. निवड करताना फार उपयोगी. तुम्हीही ते बघून घ्या ना.

सह्यभटक्या

@इसारकाठ, इथे थोडी अडचण आहे. त्याच नावाचा टायर भारतात वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या मिश्रणाने, इथल्या उन्हासाठी आणि खड्ड्यांसाठी बनलेला असू शकतो. तिकडची श्रेणी इथे जशीच्या तशी लावता येत नाही. आपल्याकडे पकड, रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) आणि आवाजासाठी एआयएस-१४२ हे मानक आहे, पण ते 'यापेक्षा खाली जाऊ नका' अशा प्रकारचं. त्यातून दोन टायरमधला चांगला कुठला ते कळत नाही. साइडवॉलवर 'ट्रेडवेअर ३००' वगैरे झिजेचा आकडा असतो (जास्त म्हणजे जास्त टिकाऊ) तोही ज्याची त्याची कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीची दोन मॉडेलं ताडून बघण्यापुरता तो ठीक.

निमा_ठाणे

किंमतीबद्दल कुणीच बोलत नाहीये!

चाकोरी

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. दुकानात जुनी छापील किंमत दाखवून 'एवढा डिस्काउंट देतो' म्हणाले तर तो डिस्काउंट की कमी झालेला कर, ते विचारा. आणि भाव करताना एकच आकडा मागा, टायर, बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवीन वॉल्व्ह धरून. वॉल्व्ह नवीनच घ्या. किरकोळ पैशांचं रबर असतं, जुनं ठेवलं तर टायर नवा असून हवा तिथून जात राहते. अलॉय रिम असेल तर बॅलन्सिंगची वजनं चिकटवायची वापरायला सांगा, ठोकायची नको.

टायर गाडीला लावायच्या आधी तारीख स्वतः बघा. सहा महिन्यांच्या आतला असेल तर उत्तम, वर्षभरापर्यंतचा सावलीत ठेवलेला असेल तरी चालेल. त्याहून जुना असेल तर भाव पाडा नाहीतर उठा. ऑनलाइन मागवताना हीच पंचाईत, तारीख हातात आल्यावरच कळते. बिलावर चारही टायरचे सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात. आणि वॉरंटी साधारणपणे बनावटीतल्या दोषाची असते. खड्ड्यात आपटून साइडवॉलला फुगा आला तर बहुतेक हात वर करतात. काही कंपन्यांच्या त्यासाठी वेगळ्या योजना असतात, घेतानाच विचारा. फुगा आलेला टायर कुणी 'आतून पॅच मारून देतो' म्हणालं तरी पुन्हा रस्त्यावर आणू नका. आतले धागे तुटलेले असतात.

वाशिष्ठीकाठ

आज चारही टाकून आलो. साइज तोच ठेवला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद त्यावरच भांडण होईल. :) ओल्या रस्त्यासाठी बरा म्हणतात असा मधल्या किंमतीचा घेतला. पहिल्या दुकानात आठ महिने जुने दाखवले, दुसऱ्याकडे तीन महिन्यांचे मिळाले. अलाइनमेंट करताना पुढच्या डाव्या बाजूचा बुश गेलेला सापडला, तोही बदलला.

स्टेपनी अजून कोरी आहे, २०१९ चीच. ती वापरात आणावी का?

चाकोरी

नको. तिचंही वय झालंय, फक्त चाललेली नाही. पंक्चर झालं तर दुकानापर्यंत जाण्यापुरती ठेवा, आणि तिची हवा बघत जा. ऐन वेळी स्टेपनीतच हवा नसते. पुढे पंक्चर झालं तर नुसती स्ट्रिप (बाहेरून भोकात खुपसायची रबरी पट्टी) न घालता टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं ठिगळ) मारून घ्या. स्ट्रिप घरी पोचण्यापुरती ठीक.

आणखी एक. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा जपून चालवा. साच्यातून सुटावा म्हणून टायरला लावलेलं द्रव्य वर राहिलेलं असतं, ते झिजेपर्यंत पकड पुरती येत नाही. लगेच कुंभार्ली नको. आणि शे-पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा पान्याने बघा.

निमा_ठाणे

जुने टायर दुकानातच दिले का? काही पैसे मिळतात ना?

वाशिष्ठीकाठ

किरकोळ देत होते. दोन दिले, दोन घरी आणले. एकाचा पोरांना आंब्याला झोका करायचाय, दुसऱ्यात आईला अळू लावायचंय.

चाकोरी

दोन्हींना तळाशी गरम सळईने चांगली भोकं पाडा. टायरच्या पोटात पावसाचं पाणी साठलं की डेंग्यूचे डास तिथेच होतात. आणि दुकानात दिलेत त्या दोघांची साइडवॉल पुढच्या वेळी तुमच्यासमोर कापून घ्या. काही ठिकाणी तेच टायर पुन्हा खाचा पाडून, काळं पॉलिश मारून रस्त्याकडेला विकायला येतात.